हिवाळ्यातील साधना आणि घराची सोबत



मंदिराचा कळस दुरूनही दिसतो. पायाचे दगड मात्र जवळ जाऊनही दिसत नाहीत. पाया भरताना किती हात राबले आणि किती जण थंडीवाऱ्यात उभे राहिले, हे कळसाला नमस्कार करणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. सत्कार्याचेही तसेच असते. समाज त्या कार्याची सांगता पाहतो, टाळ्या वाजवतो, हार घालतो. त्या कार्याची तयारी मात्र कोणाच्या तरी घरात, पहाटेच्या अंधारात आणि घरच्यांच्या काळजीच्या सावलीत झालेली असते. आजच्या भाषणाचा विषय आहे अशाच एका तयारीचा. ही कथा आहे कॅनडातील टेरी फॉक्स या युवकाची, त्याने रस्त्यावर घालवलेल्या हिवाळ्याची आणि त्याला साथ देणाऱ्या कुटुंबाची.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची दौड, हे आता आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्याहून लांब पल्ल्याच्या दौडीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. काही दौडी एका दिवसात संपतात, काही अनेक दिवस चालतात. टेरीने मनात धरलेली दौड या सर्वांहून वेगळी होती. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, रोज सुमारे एका मॅरेथॉनइतके अंतर, महिनोन्महिने धावत जायचे आणि वाटेत कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवायचा, असा त्याचा संकल्प होता. हा संकल्प करणाऱ्याला उजवा पाय नव्हता.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेग येथे झाला. वडील रोलंड रेल्वेत नोकरीला होते. आई बेटी यांच्या हाती घराची सूत्रे होती. थोरला भाऊ फ्रेड, धाकटा डॅरेल आणि सर्वांत लहान बहीण ज्युडिथ, असे हे चार भावंडांचे साधे घर. पुढे हे कुटुंब पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आले आणि १९६८ मध्ये पोर्ट कोक्विटलम या गावी स्थिरावले. टेरीला बास्केटबॉलचे विलक्षण वेड होते. पण आठवीत असताना त्याची उंची होती अवघी पाच फूट. त्याला संघात क्वचितच खेळायला मिळे. शिक्षकांनी त्याला लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळण्याचा सल्ला दिला. त्याने तो मानला, पण बास्केटबॉल सोडला नाही. सराव करीत राहिला आणि काही वर्षांत शाळेच्या संघातील प्रमुख खेळाडू झाला. पुढे सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या कनिष्ठ संघातही त्याला स्थान मिळाले. अंगच्या देणगीपेक्षा नेटाने केलेल्या सरावावर त्याची भिस्त होती, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढे त्याला तारले ते याच गुणाने.

मार्च १९७७ मध्ये उजव्या गुडघ्याच्या दुखण्याचे निदान झाले. तो हाडाचा कर्करोग होता. १८ वर्षांच्या त्या मुलाचा पाय गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या जुन्या प्रशिक्षकांनी त्याला एक मासिक आणून दिले. त्यात डिक ट्रॉम या गृहस्थांविषयी लेख होता. एक पाय गमावूनही त्यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण केली होती. बीज पडले ते त्या रात्री.

त्यानंतर १६ महिने टेरीवर केमोथेरपीचे उपचार झाले. या काळात त्याने रुग्णालयात आपल्यापेक्षा लहान मुलांच्या वेदना पाहिल्या. आज हसणारा चेहरा उद्या त्या खाटेवर नसे. स्वतः बरा होऊन घरी परतताना, मागे राहिलेल्यांचे ऋण आपल्या डोक्यावर आहे, अशी जाणीव त्याच्या मनात घर करून राहिली. दुःख पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. पाहिलेल्या दुःखाचे ऋण मानणारे विरळा. दान आणि दया यांतील अंतर येथेच कळते. दया क्षणभर डोळे ओलावते. ऋणाची जाणीव मात्र माणसाला रोज पहाटे उठवते.

याच काळात रिक हॅन्सन यांच्या निमंत्रणावरून तो चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉल खेळू लागला. हातांत बळ आले, मनाला उभारी आली. आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये, ऐन हिवाळ्यात, त्याने धावण्याचा सराव सुरू केला. घरच्यांना त्याने सांगितले ते एवढेच की, एखादी मॅरेथॉन धावण्याची इच्छा आहे. देश ओलांडण्याचा बेत मात्र त्याने मनातच ठेवला.

त्या सरावाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. त्या काळातील कृत्रिम पाय चालण्यासाठी केलेला असे, धावण्यासाठी नव्हे. पायातील यंत्रणा पुन्हा जागेवर येण्यास थोडा वेळ लागे. तेवढ्या वेळात टेरीला डाव्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे. त्यामुळे त्याची धाव म्हणजे डाव्या पायाची दोन पावले आणि उजव्याचे एक, अशा विचित्र तालाची होती. सारा भार शाबूत पायावर आणि कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर येई. फोड उठत, कातडे सोलवटे, हाडाला मुका मार बसे. पहिली सुमारे २० मिनिटे असह्य वेदनेची. त्यानंतर वेदनेचा उंबरठा ओलांडला जाई आणि धावणे सुसह्य होई. हा अनुभव रोजचा होता. कालचा उंबरठा ओलांडला म्हणून आजचा चुकत नसे.

सुरुवात अगदी थोड्या अंतराने झाली. हळूहळू पल्ला वाढत गेला. २ सप्टेंबर १९७९ रोजी प्रिन्स जॉर्ज या शहरात १७ मैलांची, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरांची शर्यत होती. टेरी तीत उतरला आणि सर्वांत शेवटी पोहोचला. त्याच्या आधीच्या धावपटूपेक्षा त्याला दहा मिनिटे अधिक लागली. पण अंतिम रेषेवर इतर स्पर्धक त्याची वाट पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या दिवशी टेरीला खात्री पटली की, आता मनातील बेत घरी सांगायला हरकत नाही.

आणि येथे या कथेतील सर्वांत नाजूक प्रसंग येतो. मुलाने देश ओलांडून धावण्याचा विचार सांगितला, तेव्हा आईने त्याला विरोध केला. टेरीला राग आला, दुःखही झाले. आपल्यावर पहिला विश्वास आईच ठेवील, असे त्याला वाटले होते. बेटी फॉक्स यांनी हा प्रसंग पुढे कधी लपवला नाही. मुलावर विश्वास ठेवणाऱ्यांत आपण पहिल्या नव्हतो, उलट त्याला निराश करणाऱ्यांत पहिल्या ठरलो, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

श्रोतेहो, या मातेला दोष देण्यापूर्वी क्षणभर तिच्या जागी उभे राहून पाहावे. दोन वर्षांपूर्वी जिने मुलाला शस्त्रक्रियेच्या खोलीत जाताना पाहिले, उपचारांनी त्याचे केस गळताना पाहिले, जगण्याची शक्यता निम्मी आहे हे ज्यांच्या कानांवर पडले त्या आईबापांपैकी जी एक, ती आपल्या लेकराला आठ हजार किलोमीटर धावत जा, असे हसतमुखाने कसे सांगणार? तिचा नकार हा अविश्वासाचा नव्हता, भीतीचा होता. आणि ती भीती प्रेमातूनच उपजली होती. कुटुंबाची साथ म्हणजे प्रत्येक इच्छेला मान डोलावणे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. जे घर काळजी बोलून दाखवते आणि बोलून झाल्यावर पाठीशीही उभे राहते, त्याची साथ खरी. बेटी यांनी दोन्ही केले. लवकरच त्या मुलाच्या संकल्पाच्या पाठीराख्या झाल्या.

मग आला १९७९-८० चा हिवाळा. पोर्ट कोक्विटलमच्या परिसरातील हिवाळा पावसाळी आणि कुंद असतो. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. कधी बर्फ, बहुधा गारठलेला पाऊस. रस्ता निसरडा झाला की दोन पायांचा माणूसही जपून चालतो. टेरी त्याच रस्त्यावर एका पायावर उड्या घेत धावत होता. त्याने सलग १०१ दिवस एकही खाडा केला नाही. पल्ला रोज ३७ किलोमीटरांपर्यंत गेला. एक दिवस मात्र तो धावला नाही. तो दिवस नाताळचा. आईने विनवले म्हणून त्याने तो दिवस घरी काढला. स्वतःच्या दुखण्यासाठी ज्याने सुट्टी घेतली नाही, त्याने आईच्या शब्दासाठी ती घेतली. जी आई प्रथम संकल्पाच्या आड आली होती, ती आता वर्षभरात एकच दिवस मागत होती. आणि जो मुलगा कोणाचे ऐकत नव्हता, तो तेवढा एक दिवस देत होता. घराची सोबत अशाच देवघेवीवर उभी असते.

फेब्रुवारी १९७९ पासून दौड सुरू होईपर्यंतच्या काळात टेरी एकूण ५,००० किलोमीटरांहून अधिक धावला. म्हणजे प्रत्यक्ष दौडीत त्याला जितके धावता आले, जवळजवळ तितकेच अंतर तो तयारीत धावला होता. वृत्तपत्रांनी मोजले ते दुसरे अंतर. पहिले अंतर मोजणारे घरचेच होते.

दरम्यान १५ ऑक्टोबर १९७९ रोजी त्याने कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला पत्र लिहून आपला मनोदय कळवला. संस्थेला प्रथम शंका होती. प्रायोजक मिळवावेत आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आणावे, असे तिने सुचवले. तपासणीत त्याच्या हृदयाचा डावा कप्पा वाढलेला आढळला. खेळाडूंमध्ये असे पुष्कळदा आढळते. तरी डॉक्टरांनी धोक्याची कल्पना दिली. फोर्ड कंपनीने मुक्कामाची गाडी दिली, इम्पीरियल ऑइलने इंधन दिले, आदिदासने बूट दिले. पण ज्यांनी देणगीच्या बदल्यात आपल्या मालाची जाहिरात मागितली, त्यांना टेरीने नकार दिला. अटी घालून दिलेला पैसा त्याने स्वीकारला नाही. या दौडीतून कोणाचाही खाजगी लाभ होता कामा नये, हा त्याचा दंडक होता. २१ वर्षांच्या मुलाजवळ हा विवेक होता, याचे आश्चर्य वाटते. निधी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने हा दंडक मनावर कोरून ठेवावा असा आहे.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स येथे टेरीने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि दौड सुरू केली. बाटलीत भरून घेतलेले समुद्राचे पाणी पश्चिमेला पॅसिफिक महासागरात ओतायचे होते. सुरुवातीलाच वादळी वारे, मुसळधार पाऊस आणि हिमवर्षाव यांनी स्वागत केले. बालमित्र डग ऑल्वर्ड गाडी चालवी आणि स्वयंपाक करी. पण अखंड श्रमाने आणि थकव्याने दोघा मित्रांत खटके उडू लागले. नोव्हा स्कोशिया प्रांतात पोहोचेपर्यंत त्यांचे बोलणे जवळजवळ बंद झाले. अशा वेळी पुन्हा घरच कामी आले. १७ वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल दोघांमध्ये दुवा म्हणून त्या गाडीत राहायला आला. कोणतेही कार्य केवळ ध्येयाच्या बळावर चालत नाही. दोन थकलेल्या माणसांत हसू परत आणणारे कोणीतरी लागतेच. अशा माणसाचे नाव पाटीवर येत नाही, पण त्याच्याविना गाडी पुढे सरकत नाही.

प्रारंभी प्रतिसाद थंड होता. पुढे तो वाढत गेला. पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजारांहून अधिक डॉलर दिले. म्हणजे माणशी एक डॉलर. त्यावरूनच टेरीचे लक्ष्य ठरत गेले, की देशातील प्रत्येक नागरिकामागे एक डॉलर जमावा. टोरांटोच्या चौकात दहा हजार लोक जमले आणि त्या एका दिवसात एक लाख डॉलर गोळा झाले.

शरीर मात्र झिजत होते. गुडघा सुजे, नडगी दुखे, घोट्यात कळा येत, भोवळ येई. २२ व्या वाढदिवशीही तो धावला. नियमित तपासणी करून घे, असा आग्रह त्याने मानला नाही. १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ खोकल्याची उबळ आणि छातीतील कळ त्याला पुढे जाऊ देईना. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाले होते. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, टेरीने जगाचा निरोप घेतला.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. आईची भीती खरी ठरली, मग मुलाचा संकल्प चुकीचा होता का? उत्तर सोपे नाही आणि ते सोपे करून सांगूही नये. तपासणी टाळणे हे अनुकरणीय नव्हते. संकल्पाचे बळ आणि देहाची हेळसांड या दोन गोष्टी एक मानण्याची चूक उत्साहाच्या भरात पुष्कळांकडून होते. पण धावला नसता तर तो वाचला असता, असे म्हणण्यासही आधार नाही. एवढे मात्र निश्चित की, हाती असलेले दिवस कशासाठी खर्चावेत, हे त्याने जाणतेपणाने ठरवले होते. आईची काळजी खरी होती आणि मुलाचे ऋणही खरे होते. दोन खऱ्या गोष्टी एका घरात समोरासमोर उभ्या राहिल्या, तरी ते घर दुभंगले नाही. फॉक्स कुटुंबाचा मोठेपणा येथे आहे.

दौड थांबली तेव्हा १७ लाख डॉलर जमले होते. १ फेब्रुवारी १९८१ रोजी ही रक्कम २ कोटी ४१ लाख डॉलरांवर गेली. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा जवळपास तेवढीच होती. माणशी एक डॉलर हे स्वप्न त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पूर्ण झालेले पाहिले. १३ सप्टेंबर १९८१ रोजी पहिली टेरी फॉक्स दौड झाली आणि तीन लाख लोक तीत उतरले. या दौडीत स्पर्धा नाही, विजेता नाही, बक्षीस नाही; चालणारा, धावणारा, चाकाच्या खुर्चीवरून येणारा, सारे सारखे. पुढे अनेक देशांत ही प्रथा पोहोचली. मुंबईतही टेरी फॉक्स दौडी झाल्या आहेत. आजवर या नावाने ८५ कोटी डॉलरांहून अधिक निधी कर्करोग संशोधनासाठी उभा राहिला आहे. ज्या रोगाने टेरीचा पाय गेला, त्या रोगात आज पुष्कळ रुग्णांचा पाय वाचवता येतो. जगभरातील संशोधकांच्या परिश्रमांचे हे फळ आहे.

आणि ज्या आईने प्रथम नको म्हटले, तिने पुढे काय केले? मुलाच्या मागे तीस वर्षे, २०११ मध्ये स्वतःचे निधन होईपर्यंत, बेटी फॉक्स शाळाशाळांतून त्याची कथा सांगत राहिल्या. टेरीच्या नावाचा व्यापारी उपयोग होऊ नये, म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून जपत. रोलंड फॉक्स आणि तिन्ही भावंडे या कार्यात राहिली. मुलगा अर्ध्या वाटेवर थांबला. उरलेली वाट घर चालले.

आपल्याकडेही आता धर्मादाय कार्यासाठी धावणारे वाढत आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेक जण विविध संस्थांसाठी निधी जमवतात. ही दौड जानेवारीत असल्याने तिची खरी तयारी दिवाळीनंतरच्या थंडीत होते. त्या पहाटे कोणी गजर लावते, कोणी गरम पाणी ठेवते, कोणी दुखरा पाय चेपून देते, कोणी मुलांची शाळा सांभाळते. धावणाऱ्यांनी पल्ला हळूहळू वाढवावा, आठवड्यात विसाव्याचा दिवस ठेवावा, डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि घरच्यांनी थांब म्हटले तर तो शब्द अडथळा न समजता आधी ऐकून घ्यावा. घरच्यांनीही आपली काळजी बोलून दाखवावी आणि मग दार उघडून द्यावे.

पाठीशी घर असले की अंधारातील रस्ता लहान होत नाही. पण त्या रस्त्यावरून परत यायला एक उजेड असतो. असा उजेड प्रत्येक सत्कार्याच्या पाठीशी सदैव तेवत राहो, हीच सदिच्छा.